कॉलेजच्या कुलपाची वेळ

मुंबईतल्या कॉलेजांची ग्रंथालयं आणि निदान दोन-चार वर्ग रोज रात्री दहापर्यंत, परीक्षेच्या दिवसांत त्याहून उशिरापर्यंत आणि मे महिन्याच्या सुट्टीतही विद्यार्थ्यांना उघडे मिळाले पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप करून आले. आल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंस. पाहण्यासारखं पुष्कळ होतं. शहराच्या मधोमध राजवाडा आणि तिथून पंख्याच्या काड्यांसारखे निघालेले रस्ते. विद्यापीठाच्या आवाराला लागून थेट जंगल. माझी शाखा इलेक्ट्रॉनिक्स, त्यामुळे हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरींचे प्रयोग जिथे केले ती जागा पाहताना अंगावर काटा आला. पण मनात घर करून राहिलं ते ग्रंथालय.

आपल्याकडे मे-जून म्हणजे सुट्टी. तिथलं उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि तास जुलैपर्यंत चालतात, म्हणजे मी गेले ते त्यांच्या ऐन धावपळीच्या दिवसांत. कार्ल्सरूह इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या तिथल्या विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय २००६पासून चोवीस तास उघडं असतं. रविवारी अख्ख्या शहरातली दुकानं बंद, रस्ते सुनसान, आणि ग्रंथालयात बसायला जागा शोधावी लागते. रात्री तिथे ग्रंथपाल नसतात. दारापाशी एक पहारेकरी असतो, पुस्तकं देण्याघेण्याचं काम यंत्रावर आपलं आपण करायचं. दप्तर आत न्यायचं नाही. ते लॉकरमध्ये ठेवून लॅपटॉप, वह्या आणि पाण्याची बाटली तेवढी बरोबर घ्यायची. जेवायला किंवा पाय मोकळे करायला उठायचं असेल तर टेबलावर घड्याळाच्या तबकडीसारखं एक पुठ्ठ्याचं चाक ठेवतात आणि त्यावर आपण किती वाजता उठलो ते लावतात. ठरलेल्या वेळेत परत आलात तर जागा तुमची. वेळ उलटली तर दुसऱ्याने तुमची पुस्तकं अलगद बाजूला सरकवून खुशाल बसावं. त्यावरून वाद झालेला मी एकदाही पाहिला नाही.

त्या पुठ्ठ्याच्या चाकाकडे मी पहिल्या आठवड्यात बराच वेळ बघत बसायचे. त्यामागे कोणीतरी किती बारीक विचार केला होता! विद्यार्थी आठ-दहा तास बसेल, मध्ये त्याला भूक लागेल, तो उठेल, परत येईल, आणि त्याची जागा तोपर्यंत राखली गेली पाहिजे. म्हणजे विद्यार्थ्याचा अख्खा दिवस इथेच जाणार, हे संस्थेने गृहीत धरलेलं होतं. आवारातल्या मेसमध्येही तेच. विद्यार्थ्याला एक दर, कर्मचाऱ्याला दुसरा, बाहेरच्याला तिसरा. विद्यार्थ्याचा सगळ्यांत कमी, कारण तो तिथे रोज जेवणार हे ठरलेलं.

आता इकडचं सांगते. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. दीड खोलीचं घर, माणसं पाच. आजी नऊला झोपते, त्यामुळे बाहेरच्या खोलीतला दिवा नऊला बंद. धाकट्या भावाची दहावी, त्यामुळे स्वयंपाकघरातला ओटा आवरला की तिथली जागा त्याची. माझा अभ्यास साडेअकरानंतर सुरू व्हायचा आणि सकाळी सातच्या लोकलने संपायचा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींचं घर याहून लहान आहे, आणि दिवा, बदलापूर, नालासोपारा अशा लांबच्या स्टेशनांवरून येणाऱ्यांचे वरती तीन-चार तास गाडीत जातात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. शंभर वर्षं त्या खोल्यांमधून मुलं शिकून बाहेर पडली. या शहरात शिकणाऱ्याला सगळ्यांत आधी काय कमी पडतं, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, बसायला जागा. हुशारी आणि चिकाटी यांचा क्रमांक फार नंतर लागतो.

आणि जागा आहेत. प्रत्येक उपनगरात चार-सहा मजल्यांच्या कॉलेजच्या इमारती उभ्या आहेत. आत बाकं आहेत, पंखे आहेत, स्वच्छतागृहं आहेत. दुपारी साडेचारला लेक्चर आणि प्रॅक्टिकल संपतात. पावणेपाचला वाचनकक्षात शिपाईकाका मागच्या रांगेपासून एकेक पंखा बंद करत पुढे येतात. कोणाला काही बोलावं लागत नाही. जमा केलेलं आयकार्ड परत घ्यायला काउंटरवर रांग लागते, कोणी उभ्याउभ्याच शेवटचं पान उतरवून घेत असतं, आणि पाचला कुलूप. शिपाईकाकांचा काही दोष नाही, त्यांनाही विरार गाठायचं असतं. पण हिशोब करून बघा. नऊ ते साडेचार आम्ही वर्गात किंवा लॅबमध्ये. ७५ टक्के हजेरी भरली नाही तर डिफॉल्टरच्या यादीत नाव. म्हणजे लेक्चर चालू असतं तेव्हा ग्रंथालय उघडं, आणि लेक्चर संपलं की ग्रंथालय बंद. ते नक्की कोणासाठी उघडं असतं?

मुंबईचा विद्यार्थी या प्रश्नावर आपापलं उत्तर शोधत आला आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात, काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत, माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या बाकांवर. मंडळांच्या आणि पालिकेच्या अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे पहाटेपासून रुमाल टाकून जागा धरतात. आता महिन्याचे पैसे भरून खुर्ची भाड्याने देणाऱ्या खासगी अभ्यासिका निघाल्या आहेत. आमच्या भागात दोन-तीन वर्षांत अशा बऱ्याच झाल्या, आणि त्या भरलेल्या असतात. कॉलेजची फी भरायची, त्या फीमध्ये ग्रंथालयाचं वेगळं शुल्क भरायचं, आणि वर बसण्यासाठी बाहेर भाडं द्यायचं. ज्याला ते परवडत नाही त्याने प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर जर्नल पुरं करायचं. संध्याकाळी कुठल्याही मोठ्या स्टेशनच्या पुलाखाली ही मुलं दिसतील.

या शहरात असा एक विद्यार्थी होता. परळच्या चाळीत त्यांची एक खोली. वडील रात्री मुलाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत, कारण घर शांत मिळण्याची तेवढीच वेळ. शाळा सुटली की तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे आणि नंतर लंडनला त्यांनी ग्रंथालयांत किती वेळ काढला, हे त्यांच्या चरित्रांतून आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. उघडायच्या वेळेला आत, बंद व्हायच्या वेळेला बाहेर.

माझ्या मुद्द्याला त्याच्या पुढचा भाग लागतो. त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, आणि ते सकाळी भरवलं. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. विद्यार्थ्याच्या दिवसात मोकळा वेळ कुठे आहे ते आधी पाहिलं आणि कॉलेजची वेळ त्यावरून ठरवली. गिरण्यांच्या काळात या शहरात रात्रशाळाही चालल्या, त्या याच हिशोबाने. पाळी सुटली की कामगार शाळेत. म्हणजे मी जे मागतेय ते जर्मनीचं नाही. मुंबईने ते केलेलं आहे, आणि मध्ये कधीतरी सोडून दिलं आहे.

यावर पहिलं उत्तर येतं ते पैशाचं. जर्मनी श्रीमंत देश, तिथल्या सरकारी विद्यापीठांमध्ये बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्कसुद्धा नाही, त्यांच्याशी आपली काय बरोबरी? बरोबरी नाहीच. त्यांच्या प्रयोगशाळेतलं एकेक उपकरण आमच्या अख्ख्या विभागाच्या किमतीचं होतं, आणि तसं उपकरण आम्हालाही द्या असं मी म्हणत नाही. रात्रीचं ग्रंथालय ही मात्र श्रीमंतीची गोष्ट नाही. इमारत आहे, बाकं आहेत, पुस्तकं आहेत. लागतो एक पहारेकरी, जो बहुतेक कॉलेजांत रात्री असतोच, थोडी वीज, आणि काउंटरवर एक माणूस.

त्या माणसाचं मात्र खरंच अवघड आहे, आणि इथे मला ग्रंथपालांची बाजू मांडायची आहे. अनुदानित कॉलेजांमध्ये ग्रंथालयाची मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. जे आहेत ते दोघांचं, तिघांचं काम ओढतात. त्यांना आणखी पाच तास थांबा म्हणणं अन्यायाचं होईल, आणि त्यांच्या संघटनेने विरोध केला तर तो रास्तच असेल. पदं भरण्याची मागणी आपण त्यांच्या जोडीने करायला हवी. पण तोवर थांबून राहायचं कारण नाही. तिकडे प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात तासाच्या मोबदल्यावर काम करणारे विद्यार्थी मी पाहिले. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा आठवड्यातून काही तास उपकरणांची नोंद ठेवून आपलं खोलीभाडं भागवायचा. महाराष्ट्राला यात शिकण्यासारखं नवीन काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. आपल्या विद्यापीठांमध्ये त्या नावाची योजना आहे. संध्याकाळी पाच ते दहा काउंटर सांभाळणं, आयकार्डांची नोंद ठेवणं, वर्ग आवरून बंद करणं, हे काम त्या योजनेतल्या मुलांना मानधनावर द्या. ज्यांना पैशांची निकड आहे त्यांना कॉलेजच्या आवारातच काम मिळेल, आणि अभ्यासही तिथेच होईल.

दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. तो प्राचार्य घेतात, आईवडील घेतात, माझ्या घरच्यांनीही घेतला. मी तो हलक्यात घेत नाही. पण आजची स्थिती काय आहे ते बघा. कॉलेज बंद झालं म्हणून मुलगी सुरक्षित घरी पोहोचते असं थोडंच आहे? ती क्लासला जाते, खासगी अभ्यासिकेत जाते, मैत्रिणीकडे जाते, नाहीतर अभ्यासच सोडते. मुलांना बाहेर बसायच्या जागा तरी सापडतात. स्टेशनच्या पुलाखाली रात्री नऊला जर्नल लिहीत बसलेली मुलगी मी पाहिलेली नाही. म्हणजे कुलूप लवकर लावल्याने नुकसान जास्त मुलींचं होतं. शेकडो जण बसलेलं, दिवे लागलेलं, दारावर नोंद होणारं आवार कुठल्याही अंधाऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेपेक्षा सुरक्षित असतं. आणि लोकल मध्यरात्रीपर्यंत चालते, महिलांच्या डब्यात रात्री पोलीस असतो. नर्सेस, दुकानांत काम करणाऱ्या बायका, कॉल सेंटरच्या मुली त्या गाड्यांनी रोज घरी जातात. विद्यार्थिनींची संख्या वाढली तर तो डबा त्यांच्यासाठीही अधिक भरलेला आणि अधिक निर्धास्त होईल.

मुलं अभ्यास न करता नुसत्या गप्पा मारत बसतील, हा तिसरा आक्षेप. बसू देत की. कॉलेजात चार वर्षं काढून ज्यांच्याशी धड बोलणं झालं नाही असे माझे वर्गमित्र आहेत, कारण साडेचार वाजले की प्रत्येकाला आपली फास्ट लोकल पकडायची असते. कार्ल्सरूहला मी जे शिकले त्यातलं बरंचसं रात्री नऊच्या उजेडात, ग्रंथालयाबाहेरच्या पायऱ्यांवर शिकले. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही. एक मुलगी मला सिग्नल प्रोसेसिंगमधलं गणित समजावून द्यायची. मी तिला माझ्या प्रयोगाचा कोड दाखवायचे. दोघींचं इंग्रजी अडखळत चालायचं, तरी काम व्हायचं. असं शिकणं कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. जागा आणि सवड मिळाली की ते आपोआप घडतं.

तिथलं सगळं चांगलंच आहे, असं मला वाटत नाही. एखाद्या सक्तीच्या विषयात ठरलेल्या संधींमध्ये, बहुतेक ठिकाणी तीन, उत्तीर्ण झालं नाही तर तो अभ्यासक्रमच कायमचा बंद होतो, तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. नापास झालेला विषय घेऊन पुढच्या सत्रात जाऊ देणारी आपली केटीची पद्धत त्या मानाने माणुसकीची आहे, आणि ती टिकली पाहिजे.

परदेशी जाण्याविषयीही थोडं बोलायला हवं, कारण परत आल्यावर कॉलेजात मला 'सगळ्यांनी असा अनुभव घ्यावा' या विषयावर बोलायला लावलं. सगळ्यांनी? जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं नुसतं शुल्क ९० युरो, वर किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, विमानाचं तिकीट, बँकेची विवरणं. माझा खर्च तिथल्या प्रयोगशाळेने बराचसा उचलला म्हणून जमलं. उन्हाळी इंटर्नशिपच्या काही योजनांना तर ठरावीक नामांकित संस्थांचेच विद्यार्थी अर्ज करू शकतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि तिने अनेक घरांचं नशीब बदललं, पण ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएचडीसाठी आहे. पदवीच्या मुलांना एका उन्हाळ्यासाठी बाहेर पाठवणारी सरकारी सोयही हवी, जरूर हवी. तरी त्या सोयीतून कितीजण जातील? मुंबई विद्यापीठाला आठशेहून जास्त कॉलेजं जोडलेली आहेत. लाखो विद्यार्थ्यांमधले काही शे गेले तरी खूप झालं. जे जाऊन येतात त्यांनी तिथलं कौतुक सांगत फिरण्यापेक्षा, न गेलेल्यांना इथे काय मिळवून देता येईल ते बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि बाहेर जायचं ठरवलं तरी आपलं वेळापत्रक आडवं येतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. बाहेरच्या प्रवेशांची वाट बघत बसलेल्यांचं त्यात फार नुकसान झालं. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. पण मे महिन्यात प्रॅक्टिकल नक्की कधी संपतील हे जानेवारीत सांगा, एवढी साधी गोष्ट अजूनही खात्रीने मिळत नाही. विमानाचं तिकीट काय, गावी जायचं रेल्वेचं आरक्षण काय, दोन्ही तेवढ्यावरच अडतं.

आता हे मागायचं कोणी? महाराष्ट्रात कॉलेजांमधल्या खुल्या निवडणुका १९९४पासून थांबल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा वाट करून दिली, पण त्यानंतरही त्या लांबतच गेल्या. विद्यार्थ्यांचा निवडून आलेला आवाज नसल्यामुळे कुलपाच्या वेळेसारखे प्रश्न कोणाच्या टेबलावर जातच नाहीत. फेस्टला प्रायोजक कसे आणायचे यावर आमच्या बैठका होतात. ग्रंथालय किती वाजता बंद व्हावं, यावर एकही झालेली मला आठवत नाही. तरी त्याच कायद्यात महाविद्यालय विकास समितीची तरतूद आहे, आणि तीत विद्यार्थी परिषदेला जागा आहे. शिवाय कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचा रोजचा वापर किती, हे विचारलं जातं. त्या रकान्यात मोठा आकडा भरता यावा, असं कुठल्या प्राचार्यांना वाटणार नाही?

आमच्या वर्गातल्या काहीजणांनी मिळून या समितीला अर्ज दिला आहे. हिवाळी परीक्षेआधीचे सहा आठवडे वाचनकक्ष आणि तळमजल्यावरचे दोन वर्ग रात्री दहापर्यंत उघडे ठेवावेत, काउंटरवर 'कमवा आणि शिका'मधले विद्यार्थी बसवावेत, कॅन्टीनने आठपर्यंत चहा आणि पोळीभाजी द्यावी, मुलींसाठी स्टेशनपर्यंत साडेनऊ आणि दहाला पहारेकऱ्यासोबत जथ्याने निघण्याची व्यवस्था करावी. रोज किती जण आले, किती वाजेपर्यंत बसले, विजेचं बिल कितीने वाढलं, याची नोंद आम्ही स्वतः ठेवू, असंही अर्जात लिहिलं आहे. सहा आठवड्यांनी ती नोंद समितीपुढे ठेवू, आणि शेजारच्या कॉलेजांतल्या ज्यांना हवी असेल त्यांनाही देऊ.